सीआर-व्हीमागे टिअरड्रॉप: छोट्या एसयूव्हीने कॅम्पिंग ट्रेलर ओढताना

टिअरड्रॉपच्या, म्हणजे थेंबाच्या आकाराच्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, रिकामे वजन 950 पौंड. गाडीच्या माहितीपत्रकात असते, ओढण्याची क्षमता 1,500 पौंड. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की साडेपाचशे पौंडांची मोकळीक दिसते आणि पहिली चूक तिथेच होते. छोट्या एसयूव्हीत ही 1,500 ची मर्यादा गाठायच्या आधीच दुसरे दोन आकडे संपलेले असतात: हिचवर (ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे बसवलेल्या लोखंडी जोडणीवर) वरून येणारा भार आणि गाडीत माणसे-सामान मिळून चालणारे वजन. न्यू जर्सीतले एडिसन असो की कॅलिफोर्नियातले सनीवेल, नवरा-बायको, दोन मुले आणि दाराशी उभी सीआर-व्ही किंवा रॅव्ह4 असे घर असेल तर ट्रेलर बघायला जाण्यापूर्वी हे गणित कागदावर मांडा. (किलोत विचार करायची सवय असेल तर 1,500 पौंड म्हणजे 680 किलो.)

आपल्या गाडीचा खरा आकडा

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांचे आकडे एकाच नावाखाली वेगवेगळे असतात. होंडा सीआर-व्ही पेट्रोल 1,500 पौंड ओढते, पण 2023 पासूनची हायब्रिड फक्त 1,000. टोयोटा रॅव्ह4 ची 2019 ते 2024 ची साधी मॉडेल्स 1,500, हायब्रिड 1,750, तर अॅडव्हेंचर आणि टीआरडी ऑफ-रोड 3,500. सुबारू फॉरेस्टर 1,500, मात्र 2022 ची वाइल्डरनेस 3,000. माझदा सीएक्स-5 चा आकडा 2,000. तेव्हा शेजाऱ्याची रॅव्ह4 काय ओढते यावर जाऊ नका. आपल्याच गाडीचे मॅन्युअल उघडा.

साध्या रॅव्ह4 ला मोठे हिच बसवले म्हणून ती 3,500 ओढू लागत नाही. अॅडव्हेंचरमध्ये मोठा रेडिएटर, ऑइल कूलर अशा गोष्टी कारखान्यातूनच बसवलेल्या असतात. हिच हा केवळ लोखंडाचा तुकडा आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सची उष्णता तो बाहेर टाकत नाही. गाडी, हिच, बॉल माउंट (हिचमध्ये घालायची दांडी), बॉल (तिच्यावरचा लोखंडी गोळा) आणि ट्रेलरचा कपलर (त्या गोळ्यावर बसणारी वाटी) यांपैकी ज्याचा आकडा सर्वांत कमी, तोच सगळ्या जोडणीचा आकडा.

दोन बेरजा

पहिली बेरीज ट्रेलरची. रिकाम्या वजनात बऱ्याचदा बॅटरी, गॅस सिलिंडर आणि स्टेपनी धरलेली नसते. 950 पौंडांच्या टिअरड्रॉपवर 45 पौंडांची बॅटरी, 37 पौंडांचा भरलेला सिलिंडर (ज्याला 20 पौंडी म्हणतात, तो भरल्यावर एवढा होतो), 35 पौंडांची स्टेपनी, 40 पौंडांचा बाजूचा तंबू, टाकीत 10 गॅलन पाणी म्हणजे 83 पौंड, आणि अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, शिधा मिळून 120 पौंड धरा. एकूण 1,310. कागदावर अजून 190 पौंड शिल्लक दिसतात.

आता यातला किती भार हिचवर यायला हवा? ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के. याला टंग वेट म्हणतात. 1,310 च्या 11 टक्के म्हणजे 144 पौंड. 1,500 पौंड ओढणाऱ्या या वर्गातल्या गाड्यांना टंग वेटची मर्यादा साधारण 150 पौंडांची असते. म्हणजे 1,310 पौंडांवरच तुम्ही काठावर आलात. पूर्ण 1,500 पौंडांचा ट्रेलर लावला तर 150 म्हणजे नेमके दहा टक्के. एक जड पिशवी मागे सरकली की खाली घसरलात. म्हणूनच अशा गाडीसाठी भरलेला ट्रेलर 1,200 ते 1,300 पौंडांत बसवायचा असे ठरवून घ्या.

दुसरी बेरीज गाडीची. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेले असते. समजा तो आकडा 850 आहे. दोन मोठी माणसे 175 आणि 140, मुले 95 आणि 60, झाले 470. हिचचे स्वतःचे वजन 40. टंग वेट 144, कारण तो भार गाडीच्याच चाकांवर येतो. बेरीज 654. उरले 196. बर्फ भरलेला कूलर 60 आणि चार बॅगा 80 धरल्या की 56 पौंड शिल्लक. सायकली किंवा छतावरची पेटी यात कशी बसणार ते तुम्हीच बघा.

उलाळ

बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. ट्रेलरचेही तसेच. फरक इतकाच, की बैलगाडी जागच्या जागी कळते आणि ट्रेलर ताशी 60 मैलांवर कळतो. मागचा भाग जड असेल तर एखादा मोठा ट्रक बाजूने गेला, वाऱ्याचा झोत आला, की ट्रेलरची शेपटी डावी-उजवीकडे डोलू लागते. प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी गाडीचा मागचा भागही त्याच्याबरोबर ओढला जातो.

टिअरड्रॉपमध्ये हा धोका आपल्याकडून जरा जास्तच होतो, कारण स्वयंपाकघर मागच्या झाकणाखाली असते. कुकर, बिडाचा तवा, पिठाचे डबे, तांदळाची पिशवी, पाण्याचे कॅन हे सगळे हाताशी हवे म्हणून मागेच रचले जाते. हिशेब करून बघा. चाकांच्या अॅक्सलपासून कपलरपर्यंतचे अंतर 9 फूट धरले आणि 40 पौंडांचा डबा अॅक्सलच्या 4 फूट मागे ठेवला, तर टंग वेट जवळजवळ 18 पौंडांनी कमी होते. तोच डबा अॅक्सलच्या 3 फूट पुढे, झोपायच्या जागेत ठेवला तर 13 पौंडांनी वाढते. म्हणजे एका डब्याची जागा बदलली आणि 31 पौंडांचा फरक पडला. 150 च्या मर्यादेत 31 पौंड हा मोठा भाग आहे. प्रवासात जड वस्तू अॅक्सलच्या किंचित पुढे, तळाशी, मध्यभागी ठेवा आणि घट्ट बांधा. मागच्या कप्प्यात मसाल्याचा डबा, ताटे, चमचे एवढेच राहू द्या. मुक्कामावर पोचल्यावर हलवाहलव करायला दहा मिनिटे लागतात.

टंग वेट मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर प्रवासाला जाताना जसा भरला जाईल तसा भरा, सपाट जागी उभा करा, चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा. काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा. तो इतक्या उंचीचा कापा, की त्यावर कपलर टेकल्यावर ट्रेलर जमिनीला समांतर राहील. मग जॅक हळूहळू आत घ्या, म्हणजे सगळा भार ठोकळ्यावर येईल. काट्यावरच्या आकड्यातून ठोकळ्याचे वजन वजा करा. ट्रेलरचे नाक, म्हणजे पुढचे टोक, वर किंवा खाली ठेवून मोजले तर आकडा फसवतो.

एकदा तरी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) सगळे वजन करून घ्या. गाडीची पुढची चाके पहिल्या पट्ट्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. मग ट्रेलर बाजूला सोडून नुसती गाडी त्याच माणसा-सामानासह पुन्हा चढवा. दोन्ही वेळच्या एकूण वजनांतला फरक म्हणजे ट्रेलरचे पूर्ण वजन. त्यातून ट्रेलरच्या चाकांवरचे वजन वजा केले की टंग वेट. गाडीच्या मागच्या अॅक्सलवर किती आले तेही दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या मर्यादेशी ताडून बघा.

हिच आणि बॉल

क्लास 1 हिच, सव्वा इंचाचा चौकोनी रिसीव्हर (बॉल माउंट घालायची नळी), 2,000 पौंड आणि 200 पौंड टंग वेट, हे 1,500 वाल्या गाडीला पुरेसे. दोन इंची रिसीव्हर घेतला तर बॉल माउंटमध्ये निवड जास्त मिळते आणि तो कमी हलतो, पण गाडीची मर्यादा तीच राहते.

बॉलच्या मापात तडजोड नको. छोट्या ट्रेलरना 1⅞ इंची किंवा 2 इंची बॉल लागतो. माप कपलरवर कोरलेले असते. डोळ्यांना दोन्ही बॉल सारखेच दिसतात. दोन इंची कपलर 1⅞ च्या बॉलवर व्यवस्थित बसल्यासारखा वाटतो, खटकाही लागतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात सुटतो. म्हणून खटका लागला यावर समाधान मानू नका. कपलर बसवून पिन घातल्यावर ट्रेलरचा जॅक उलट फिरवून नाक वर उचला. गाडीचा मागचा भाग एक-दोन इंच बरोबर वर आला पाहिजे. कपलर एकटाच वर येऊ लागला तर तो बॉलवर बसलेलाच नाही. दर वेळी ही परीक्षा घ्या. अर्धे मिनिट लागते.

ट्रेलर समांतर किंवा नाक किंचित खाली असावा. सपाट जागी ट्रेलर समांतर करून कपलरची उंची मोजा, गाडीच्या रिसीव्हरची उंची मोजा, त्या फरकाइतका खाली किंवा वर जाणारा बॉल माउंट घ्या. नाक वर राहिले की डोलणे वाढते. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (भार पुढच्या चाकांवरही वाटून देणारे) लावून गाडीची मागची बाजू सावरण्याचा सल्ला अनेक जण देतात. या वर्गातल्या कित्येक गाड्यांची बॉडी त्या ताणासाठी बनवलेली नसते आणि मॅन्युअलमध्ये ते वापरू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. आधी ते पान वाचा.

सुरक्षा साखळ्या कपलरखालून एकमेकींवर फुलीसारख्या ओलांडून लावा. कपलर सुटलाच तर नाक रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडते. वळताना ताणल्या जाणार नाहीत इतक्या लांब, पण रस्त्याला घासणार नाहीत इतक्या आखूड ठेवा. लांब असतील तर पीळ देऊन आखूड करा.

वायरिंग आणि ब्रेक

चार तारांच्या चपट्या कनेक्टरमध्ये पांढरी तार अर्थिंगची, तपकिरी टेल लाइटची, पिवळी डाव्या आणि हिरवी उजव्या ब्रेक-इंडिकेटरची. ट्रेलरमध्ये ब्रेक आणि इंडिकेटर एकाच बल्बवर असतात. आपल्या गाड्यांत बहुधा वेगळे. म्हणून मध्ये कन्व्हर्टर लागतो. तो थेट बॅटरीवरून वीज घेणारा, फ्यूज असलेला घ्या. गाडीच्या दिव्यांच्या तारांना नुसते चिमटे मारून ट्रेलरचा सगळा भार त्यांच्यावर टाकला तर गाडीचे कंट्रोल मॉड्यूल जळू शकते, आणि ते महाग पडते. एक दिवा लावला की भलताच दिवा मिणमिणतो, असा विचित्र दोष दिसला तर आधी पांढरी तार तपासा. तिचा स्क्रू गंजलेला असतो किंवा रंगावरच बसवलेला असतो. तिथला रंग खरवडून उघड्या लोखंडावर घट्ट करा.

ब्रेकबद्दल कायदा राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात 1,500 पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, अनेक राज्यांत 3,000 पासून. पण गाडी बनवणारे त्याहून कडक असतात: सुबारू आणि होंडा दोघेही 1,000 पौंडांपासून ट्रेलरला ब्रेक असावेत असे सांगतात. साडेतीन हजार पौंडांच्या गाडीमागे तेराशे पौंड म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आमचे मत असे की छोट्या एसयूव्हीमागे ब्रेक असलेलाच ट्रेलर घ्यावा, कायदा काहीही म्हणो.

इलेक्ट्रिक ब्रेकसाठी सात पिनी सॉकेट आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत ते ठरवणारे यंत्र) लागतो. सॉकेटपर्यंत बॅटरीवरून जाड तार आणि बॅटरीजवळ सर्किट ब्रेकर हवा. कंट्रोलरचा जोर रिकाम्या पार्किंगमध्ये लावा: ताशी 20-25 मैलांवर कंट्रोलरवरच्या कळीने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावा, चाके अडकेपर्यंत जोर थोडा थोडा वाढवा, मग एक पायरी कमी करा. सामान बदलले की पुन्हा बघा. ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या कळीची) बारीक दोरी साखळीला किंवा बॉल माउंटला न अडकवता गाडीच्या हिचला वेगळी अडकवा. माउंट निसटले तर ती ओढली जाऊन ब्रेक लागले पाहिजेत.

टायर, बेअरिंग

ट्रेलरचे टायर 'एसटी' (स्पेशल ट्रेलर) खुणेचे असतात. टायरवर वेगाची वेगळी खूण नसेल तर ताशी 65 मैलांच्या पुढे जायचे नाही. हवा थंड असताना, टायरच्या कडेवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी भरा, बहुधा 50 किंवा 65 पीएसआय. गाडीच्या टायरचे 33 पीएसआय डोक्यात ठेवून ट्रेलरमध्ये तेवढीच हवा भरली जाते, टायर तापतो आणि हायवेवर फुटतो. टायरच्या कडेवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. पाच-सहा वर्षे झाली असतील तर खाचा कितीही नव्या दिसोत, टायर बदला. चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळा आणि नवे चाक बसवल्यावर 10, 25 आणि 50 मैलांनी पुन्हा तपासा. गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का, हे घरीच बघून ठेवा.

बेअरिंगचे ग्रीस वर्षातून एकदा किंवा 12,000 मैलांनी बदला. चाक उचलून वर आणि खाली हात धरून हलवा; खटखट झाली तर बेअरिंग सैल. फिरवल्यावर घरघर आली तर ते गेले. ग्रीस गनने टोपीतून ग्रीस भरायची सोय असेल तर चाक फिरवत हळूहळू भरा. जोरात दाबले की मागचे सील फुटते आणि ग्रीस ब्रेकच्या पॅडवर जाते. प्रवासात प्रत्येक थांब्यावर दोन्ही हबजवळ (चाकांच्या मधल्या भागाजवळ) हाताची मागची बाजू न्या. दोन्ही कोमट असतील तर ठीक. एकच चटका देत असेल तर तिथे बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक आहे, पुढे जाऊ नका.

रस्त्यावर

नव्या कोऱ्या गाडीने पहिले 500-600 मैल ट्रेलर ओढू नका. मागच्या बाजूची आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असेल तर रिव्हर्स घेताना बंद करा, नाहीतर ट्रेलरलाच अडथळा समजून गाडी थांबते. पुढच्या गाडीपासूनचे अंतर नेहमीच्या दुप्पट ठेवा. वेग 55 ते 60. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कमाल 55 चीच परवानगी आहे.

ट्रेलर डोलू लागला तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा. त्याच्या झोक्याला उत्तर म्हणून स्टिअरिंग फिरवू नका, गाडीचा ब्रेक दाबू नका, आणि वेग वाढवून तो 'सरळ ओढून' घ्यायचा प्रयत्न तर अजिबात नको. कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावा. ट्रेलर मागे खेचला जाऊन सरळ होतो. मग पहिल्या सुरक्षित जागी थांबून सामानाची जागा बदला, कारण डोलण्याचे मूळ तिथेच आहे.

लांब चढावर सीव्हीटी (टप्प्यांविना बदलणारा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स तापतो. क्रूझ कंट्रोल आणि इको मोड बंद करा, 45 पर्यंत खाली या, उजव्या लेनमध्ये राहा. तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर चालू, आणि तरी उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन चालूच ठेवून थंड होऊ द्या. उताराला घाटाच्या माथ्यावरच गिअर 'एल', 'एस' किंवा 'बी' मध्ये टाका. ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा.

रस्ता निवडताना न्यू जर्सीकरांनी विशेष लक्ष द्यावे. कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर आणि न्यूयॉर्कच्या टॅकॉनिक, हचिन्सनसारख्या पार्कवेंवर ट्रेलरला बंदी आहे, आणि नेहमीचे मॅप अॅप हे सांगत नाही. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांत 10 पौंडांपेक्षा मोठा प्रोपेन सिलिंडर चालत नाही. एडिसनहून व्हर्जिनियातल्या शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानाला जायचे तर आय-287, आय-78 आणि मग आय-81 धरा, बाल्टिमोर टळते. तिथल्या स्कायलाइन ड्राइव्हवर वेगमर्यादा 35 आहे आणि मेरीज रॉक बोगद्याची उंची 12 फूट 8 इंच, टिअरड्रॉपला काहीच अडचण नाही.

रिव्हर्स आणि मुक्काम

टिअरड्रॉप गाडीपेक्षा अरुंद असतो, त्यामुळे सरळ असताना तो आरशात दिसतच नाही, आणि दिसायला लागतो तेव्हा बराच वळलेला असतो. मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर सायकलला लावतात तशा लवचीक काठ्या झेंड्यासह उभ्या करा, त्या आरशात दिसतात. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलरचा मागचा भाग जिकडे न्यायचा, तिकडे हात न्या. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा भराभर वळतो, म्हणून बोटभर फिरवा आणि थांबा. कोन वाढला की पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा मागे. गाडीबाहेर उभा राहणारा चालकाच्या आरशात दिसेल अशाच जागी हवा. त्याचा चेहरा दिसेना झाला की थांबायचे, असे आधीच ठरवून ठेवा.

जागेवर आल्यावर डावी-उजवीकडची पातळी चाकाखाली फळ्या घालून आधी साधा, गाडी जोडलेली असतानाच. मग चाकांना अडण्या. मगच साखळ्या, वायर, ब्रेकअवे आणि शेवटी कपलर सोडा. पुढची-मागची पातळी जॅकने करा. कोपऱ्यांतले पाय ट्रेलर हलू नये म्हणून असतात. त्यांच्यावर ट्रेलर उचलला तर ते वाकतात. कपलर बॉलवरून सुटत नसेल तर हातोडा मारू नका. गाडी अर्धा इंच पुढे किंवा मागे सरकवा, बॉलवरचा ताण गेला की खटका बोटाने उघडतो.